जुन्या कॅसेटमधील गाणे

प्रश्न : १९९१ साली महाल भागातील आमच्या घरी मित्रांनी मिळून एक गाणे कॅसेटवर ध्वनिमुद्रित केले होते. चाल माझी, शब्द एका मित्राचे आणि आवाज दुसऱ्याचा; तो आता हयात नाही. पेटी व आवाज एकाच माइकवर घेतल्यामुळे ते वेगळे होत नाहीत आणि मागे सतत घुमणारा आवाज येतो. नव्या गायकाकडून गाऊन घ्यावे काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : संगीतकार मदनमोहन १९७५ मध्ये निवर्तले. त्यांच्या न वापरलेल्या चाली त्यांचे पुत्र संजीव कोहली यांनी जुन्या टेप्समधून शोधल्या आणि २००४ च्या ‘वीर-झारा’ चित्रपटात जावेद अख्तर यांच्या नव्या शब्दांसह त्या ऐकायला मिळाल्या. तेथे मौल्यवान होती ती चाल. याउलट ‘बीटल्स’ या ब्रिटिश गायक-वादक चमूतील दिवंगत जॉन लेनन यांनी घरी पियानोवर गाऊन ठेवलेल्या ‘नाऊ अँड देन’मध्ये त्यांचा आवाजच हवा होता. १९९५ मध्ये उरलेल्या तिघा बीटल्सनी ते पूर्ण करायला घेतले, परंतु आवाज पियानोत मिसळलेला आणि फितीवर घुमणारा आवाज, त्यामुळे काम सोडून द्यावे लागले. पुढे संगणकाला मानवी आवाज ओळखायला शिकवून तो पियानोपासून सोडवता आला, तेव्हा २०२३ मध्ये गाणे प्रसिद्ध झाले.

आपली चाल आपल्याजवळ आहे, ती केव्हाही गाऊन घेता येईल. मित्राचा आवाज मात्र त्या फितीवरच आहे, म्हणून माझे मत जुन्या आवाजाच्याच बाजूचे आहे.

आधी फीत वाचवा. नागपूरचे इतके उन्हाळे सोसलेली कॅसेट पुन्हा पुन्हा वाजवू नका. जाणकाराकडून डेकचे हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, स्वच्छ करून, त्याचा कोन फितीशी जुळवून, ती वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या, आवाजाचे बारकावे गाळून आकार लहान करणाऱ्या एमपी-३ मध्ये नव्हे. तेव्हा कोणत्या पट्टीत गायले होते ते आठवून सांगा, कारण फितीचा वेग बदलला की सूर चढतो किंवा उतरतो, आणि तो जागेवर आणायला ठरलेल्या सुरांची पेटीच उपयोगी पडते. घुमणारा आवाज बहुधा विजेचा, म्हणजे ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींतला असेल. तो बराच कमी करता येतो, परंतु फार खरवडला तर गळ्यातला खर्जही जातो. पेटी गायकाच्याच सुरांवरून चालत असल्याने ती पूर्णपणे वेगळी होईलच असे नाही. थोडी राहिली तर राहू द्यावी. त्या खोलीत ती वाजत होतीच.

प्रसिद्ध करणार असाल तर गीतकार मित्राची लेखी परवानगी घ्या, कारण शब्दांवरील हक्क त्यांच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. गायक मित्राच्या कुटुंबीयांचीही संमती घ्यावी, आणि स्वच्छ केलेली प्रत सर्वांत आधी त्यांना ऐकवावी.