उजव्या रकान्यातला शब्द

अनेक आशीर्वाद.

वनशास्त्राच्या पदवीला खर्च किती आणि तिच्यातून कमाई किती, हे मांडलेला तुझा कागद काल दोनदा वाचला. डावीकडे फी, हॉस्टेल, मेस, जर्नलं, टूर, अगदी दापोलीच्या एसटीचं चार वर्षांचं भाडंसुद्धा. उजवीकडे एकच शब्द, आणि त्याला गोल: आरएफओ.

तो शब्द खोड. आधी खोड, मग पुढचं वाच.

आरएफओची, म्हणजे वनक्षेत्रपालाची परीक्षा एमपीएससी घेते आणि तिला वनशास्त्राच्याच पदवीची अट नाही. बॉटनीवाले बसतात, गणितवाले बसतात, इंजिनिअर बसतात. यूपीएससीच्या वनसेवेचंही तेच. म्हणजे तो पगार परीक्षेचा, पदवीचा नव्हे. परीक्षेचं उत्पन्न पदवीच्या खात्यावर जमा करायचं नाही. तुझे बाबा भाताचा हिशेब आंब्याच्या वहीत लिहितात का?

आता पदवीचं खातं बघ, कडू आहे. वनरक्षकाची भरती बारावीवर होते आणि मूळ वेतनच 21,700 पासून सुरू होतं. माझ्या नर्सरीत गेल्या वर्षी वनशास्त्राची पदवीधर मुलगी लागली, तिला मी 18 हजार देतो. सांगताना लाज वाटते, पण सागजडी (लावणीसाठी छाटलेली सागाची रोपं) आणि बांबूची रोपं विकून याहून जास्त पैसे निघत नाहीत.

आणि तुझ्या डाव्या रकान्यातही एक गोष्ट राहिली आहे. पदवीनंतरची सहा वर्षं मी त्याच गोलातल्या शब्दाला दिली. पुण्यात कॉट बेसिसवर खोली, महिन्याला घरून मनीऑर्डर. चार तासांत 25 किलोमीटर चालायची चाचणी असते, म्हणून पहाटे सिंहगड रस्त्याने तंगडतोड करायचो. चाचणीचं बोलावणं कधी आलंच नाही, मुख्य परीक्षेतच गळायचो. आई त्या वर्षांत काय विकत होती ते मला फार उशिरा कळलं. हा खर्च तुझ्या कागदावर कुठे आहे? परीक्षा द्यायची तर दे, पण तिची वही वेगळी घाल. किती प्रयत्न, किती पैसे, कोणत्या वर्षी थांबायचं, हे पहिल्या पानावर लिही आणि खाली बाबांची सही घे.

मग पदवीचं स्वतःचं काय उरतं, असं विचारशील. मागच्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याचे 60 साग व्यापारी उक्ते मागत होता, तीन लाखांना. नुसते बघून. मी टेप घेऊन गेलो. माझ्या काठीवर 1.37 मीटरला खूण आहे, ती बुंध्याला लावायची, वेल आणि शेवाळ खरवडायचं, मग घेर घ्यायचा. टेप जरा तिरकी गेली की घेर फुगतो, म्हणून दोन्ही बाजूंनी बघायचं. दोन दिवस लागले. ते आकडे दाखवून आणखी दोन व्यापारी बोलावले आणि तोडीच्या परवानगीचे कागदही करून दिले. माल चार लाख साठ हजारांना गेला. मला आठ हजार मिळाले. हे पदवीचं उत्पन्न. थोडं आहे, उशिराने येतं, पण पदवीच्याच खात्यावर येतं. 2017 ला कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून निघाला, तेव्हापासून बांबू लावणारेही विचारायला येतात. मोजणारा माणूस तालुक्यात शोधावा लागतो.

मी नापास झालो म्हणून हे शहाणपण सुचतंय, असं तुला वाटेल. वाटू दे. माझा हॉस्टेलमधला दोस्त आज सहायक वनसंरक्षक आहे. त्याच्या बंगल्यावर जातो तेव्हा मला हेवा वाटत नाही. बरं, वाटतो, चहा येईपर्यंत. पण तो परीक्षेने मोठा झाला, हे तोही मान्य करतो. मुद्दा तोच, आणि मी तो पुन्हा पुन्हा सांगणार: दोन वह्या.

दापोलीला जाऊ नको असं मी म्हणत नाही. सरकारी कॉलेजची फी तुझ्या घराला जड नाही. फक्त उजवा रकाना कोरा ठेवून नवा कागद कर आणि त्यात टेपने, नर्सरीने, नकाशाच्या कामाने काय येईल तेवढंच लिही. माझे 18 हजारही लिही, लाजू नकोस.

रविवारी ये. खालच्या वाडीत खैर मोजायचेत, कातवाला मागतोय. साडेसातची एसटी पकड, त्यानंतरची साडेअकराला आहे. आणि चपला घालून येऊ नकोस.

तुझा,
काका