मिनीबसवर बांधलेली मोटारहोम 60 च्या वर गेली की भरकटते, दोनदा अलाइनमेंट करूनही फरक नाही. काय तपासू?

भाऊ, तिसऱ्यांदा अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, जाऊ नका. आधी वजनकाट्यावर जा.

तुम्ही लिहिलंय की जुन्या मिनीबसची मोटारहोम करून घेतली. साठच्या वर गेलं की स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं, बाजूने ट्रक गेला की गाडी हेलकावते, आणि पाण्याची टाकी, बॅटऱ्या, जनरेटर हे सगळं मागच्या टोकाला आहे. ते शेवटचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते अर्धं उत्तर तिथंच आहे.

मी विदर्भात हिंगणघाटच्या बाजूला कमानपाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि स्टिअरिंगचं काम करतो. मोटारहोम आमच्याकडे क्वचित येते, पण बॉडी बदललेल्या गाड्या भरपूर येतात: फिरता दवाखाना, दुधाची गाडी, वरातीची डीजे गाडी. तक्रार हीच असते.

काटा कुठल्याही जिनिंगवर, म्हणजे कापसाच्या गिरणीवर, मिळतो. कापसाच्या हंगामात तिथं ट्रॅक्टरची रांग असते, म्हणून सकाळी लवकर जा. टाकी भरलेली, डिझेल भरलेलं, घरची मंडळी आणि सामान आत, म्हणजे सहलीला निघता तशीच गाडी न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. तिन्ही चिठ्ठ्या ठेवा आणि चासीच्या पट्टीवर प्रत्येक एक्सलची (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसाची) जी मर्यादा लिहिलेली असते तिच्याशी ताडून पाहा.

समजा टाकी 200 लिटरची आहे, म्हणजे नुसतं पाणीच 200 किलो. ती मागच्या एक्सलच्या 1.2 मीटर मागे असेल आणि व्हीलबेस (दोन एक्सलमधलं अंतर) 3.5 मीटर असेल, तर मागच्या एक्सलवर 200 नाही, जवळपास 270 किलो येतात आणि पुढचा एक्सल 70 किलोंनी हलका होतो. त्यात बॅटऱ्या आणि जनरेटर मिळवा. बैलगाडी उलार झाली की जू वर उचलतं, तसंच हे. पुढची चाकं रस्ता नीट धरत नाहीत आणि तुम्ही दोष देता स्टिअरिंगला. टाकी दोन एक्सलच्या मधे आणली, तर पुष्कळदा बाकी काही करावंच लागत नाही.

इथं कुणीतरी सांगेल की मागे दोन पाटे वाढवा, बसलेली गाडी उचलेल. गाडी उचलते खरी, पण वजन आहे तिथंच राहतं. उलट मागची बाजू 5 सेंटीमीटर वर गेली, तर सगळी चासी पुढे झुकते आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) जवळपास पाऊण अंशाने कमी होतो. स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते याच कोनामुळे. म्हणजे पैसे खर्चून भरकटणं वाढवलं. पाटे थकलेच असतील तर जरूर बदला, पण मूळ उंची ठेवून.

मग टायर. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, गेजने बघा. टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) ठोकून आवाजावरून हवा ओळखायची सवय आपल्याकडे फार आहे, पण जोडचाकांतला आतला टायर निम्म्या हवेवरही तसाच वाजतो. हवा किती ठेवायची ते काट्यावरच्या वजनाप्रमाणे टायर कंपनीच्या तक्त्यात बघा, मिनीबस असतानाचा आकडा आता लागू नाही. मे महिन्यात दुपारी गेज जास्त दाखवेल, म्हणून गरम टायरची हवा सोडू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2317 म्हणजे 2017 सालचा 23वा आठवडा. मोटारहोम उभीच जास्त असते, त्यामुळे नक्षी नवी दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं.

आता खाली झोपायची पाळी. सपाट जागा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. चाकं जमिनीवरच राहू द्या. इंजिन सुरू ठेवून एकाने स्टिअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे, असं हळू हलवत राहायचं. खालच्याने एकेका सांध्यावर बोट ठेवायचं: स्टिअरिंग कॉलमचा क्रॉस, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट, ड्रॉप आर्म (बॉक्सला लागलेला हात), ड्रॅग लिंक (त्या हातापासून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) दोन्ही एंड. झिजलेल्या सांध्यात एक बाजू आधी हलते, दुसरी उशिरा, आणि बोटाला टक्‌ लागते. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. बॉक्सवरचा ॲडजस्ट स्क्रू मात्र शेवटपर्यंत शिवू नका. तो आवळला की प्ले (ढिलेपणा) गेल्यासारखा वाटतो, पण स्टिअरिंग वळणानंतर परत येत नाही आणि बॉक्स आतून खातो.

नंतर पुढचा एक्सल जॅकवर आणि मग पक्क्या स्टँडवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा. हललं, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. हलणं थांबलं तर बेअरिंग ढिलं आहे, ब्रेक दाबूनही हललं तर किंगपिन (चाक ज्या खिळीवर वळतं ती) गेली.

मागचा एक्सल कुणी बघतच नाही. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. सेंटीमीटरभर जरी फरक निघाला, तरी यू-बोल्ट (एक्सल पाट्यांना बांधणारे) ढिले, सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) तुटलेला किंवा शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या दुव्याचे) बुश खाल्लेले आहेत का ते पाहा. बॉडीचं काम झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले नसतील, तर एक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. फक्त पुढचा टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बघणाऱ्या मशीनला हे दिसणार नाही.

ट्रकचं म्हणाल, तर उंच आणि सपाट बाजूंच्या गाडीला ट्रकची हवा आधी ढकलणार, मग ओढणार. ते पूर्ण जाणार नाही. हलक्या हाताने धरूनही गाडी आपोआप सरळ येत असेल तर चिंता नको. सावरायला गेलात आणि ती दुसऱ्या बाजूला जास्त गेली, तर शॉकॲब्सॉर्बर आणि अँटी-रोल बारचे (गाडी बाजूला कलण्यापासून रोखणाऱ्या दांड्याचे) बुश बघा. छतावर काही चढवलं असेल तर ते उतरवून एकदा चालवा.

आणि परीक्षा घेताना रस्ता निवडून घ्या. आपल्याकडे काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि गावाकडच्या डांबरी रस्त्याला लाटा येतात. त्यावर धडधाकट गाडीही हिंडते. रस्त्याचा उतार कडेकडे असल्याने डावीकडे थोडी ओढही लागतेच. पांढरकवड्याकडे जाणाऱ्या चौपदरीवर, वारा नसताना बघा. ओढ एकाच बाजूची असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला. ओढीची बाजू बदलली, तर दोष टायरचा. फक्त ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर तो ब्रेकचा विषय आहे, स्टिअरिंगचा नाही.

टाय रॉड किंवा ड्रॅग लिंकचा सांधा ढिला सापडला, तर मिस्त्रीलाच घरी बोलवा, गाडी रस्त्यावर काढू नका. बाकी सगळं झाल्यावर अलाइनमेंट करा, तेही टाकी भरून. तिन्ही चिठ्ठ्यांवरचे आकडे आणि टायरवरचे चार आकडे इथे टाका, मग टाकी कुठं सरकवायची ते सांगतो.