पेट स्कॅन राहू दे, गोळी चालू आहे का?

स्तनाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपलेल्या बायका मला सगळ्यात जास्त काय विचारतात, तर मॅडम, आता डॉक्टर नुसतं हाताने तपासतात आणि सहा महिन्यांनी या म्हणतात, स्कॅन नाही, रक्त नाही, आतल्या आत परत वाढत असेल तर?

एक काकू आठवतात (ओळख बदललीय). कराडकडच्या, वय ५८, सुरुवातीच्या स्टेजलाच सापडलेली गाठ, ती काढली, रेडिएशन झालं, त्यालाही दीड वर्ष होत आलेलं. मुलगा बसायच्या आधीच म्हणाला, पैशाचं बघू नका मॅडम, तेवढा पेट स्कॅन लिहून द्यायला सांगा. (पेट म्हणजे अंगात कुठे कॅन्सर आहे का ते बघायचा सगळ्या शरीराचा स्कॅन.) त्याने बाहेरच्या लॅबमधून सीए १५-३ ची, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरची खूण रक्तात बघायची टेस्ट दोनदा करून आणलेली. दुसऱ्यांदा आकडा थोडा वर, होता नॉर्मलमध्येच, पण काकूंना आठ दिवस घास गिळेना.

त्याची काळजी खोटी नव्हती, म्हणून त्याला नीट सांगितलं. इटलीत अडीच हजारांवर बायकांवर याचे दोन मोठे अभ्यास झाले, १९९४ मध्ये छापून आले. काहींना नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्सरे, बाकीच्यांना त्याशिवाय हाडांचा स्कॅन, छातीचा एक्सरे असं ठरलेल्या वेळी. जास्त तपासण्या झालेल्या बायका जास्त जगल्या असं काही झालं नाही. पेट त्या अभ्यासांत नव्हता, पण त्रास नसताना तोही करू नका असंच आज कॅन्सरचे डॉक्टर सांगतात. पहिली तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, ती मात्र चुकवायची नाही, कारण त्याच स्तनात किंवा दुसऱ्या बाजूला नवीन काही आलं तर ते लहान असतानाच सापडतं आणि बरं करता येतं. आणि मध्येच नवीन गाठ लागली, एकाच जागी हाड दुखतंय आणि थांबत नाही, धाप लागते, खोकला जात नाही, तर तारखेची वाट न बघता यायचं, तेव्हा स्कॅन होतोच.

मुलगा बिलाच्या लाइनीत गेला तेव्हा मी विचारलं, काकू, लेट्रोझोलची गोळी रोज घेताय ना? त्या बोटं चोळत बसल्या. मग म्हणाल्या, सकाळी मूठच मिटत नाही गं, सांडशीनं चहाचं पातेलं उचलवत नाही, आधी एक दिवसाआड घेत होते, आता दोन महिने झाले बंदच केलीय, त्याला सांगू नकोस.

मला खरंच पोटात गोळा आला. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर परत येऊ नये म्हणून जे रोज काम करतं ते डब्यात पडून, आणि घर सगळं स्कॅनच्या मागे! सांधे दुखणं हा या गोळीचा ओळखीचा त्रास आहे, त्याला उपाय आहेत, फक्त सांगायला हवं. त्या कबूल झाल्या, मुलाला त्यांनी स्वतःच सांगितलं, मी शेजारी बसले होते. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी बदलून दिली, रोज चालायला सांगितलं, हाडं किती भक्कम आहेत ते बघायची डेक्सा तपासणी करून घेतली कारण या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात.

तीन महिन्यांनी आल्या तेव्हा पर्समधून कॅलेंडरची फाडलेली पानं काढून दाखवली, रोजच्या तारखेवर पेन्सिलची खूण. पातेलं अजून दोन्ही हातांनी उचलावं लागतं म्हणाल्या, पण चहा त्याच करतात.