लॉन कटिंगचा हिशेब: दर कसा लावायचा, वार कसे बांधायचे

पुण्यात बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या बागा सांभाळायला लागून मला चोवीस वर्षं झाली. सुरुवात एका हातमशीनवर आणि सायकलवर झाली. या कामात नवीन उतरलेल्या मुलांची पत्रं येतात. त्यातल्या बहुतेकांचा हात चांगला असतो, कामही चोख असतं, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. कारण जवळजवळ नेहमी एकच निघतं: दर एकीकडे ठरवलेला असतो आणि कुठल्या दिवशी कुठे जायचं हे दुसरीकडे. माझ्या मते हे दोन हिशेब वेगळे करताच येत नाहीत. खालची सगळी उत्तरं त्याच दिशेनं जातात.

प्रश्न (नाशिक): गंगापूर रोडच्या भागात मी आणि एक मदतनीस मिळून लॉन कापतो. चौरस फुटावर दर लावावा की फेरीवर? शेजारचा एक जण माझ्या निम्म्या दरात करतो.

उत्तर: चौरस फूट विसरा, मिनिटं मोजा. एक साधं उदाहरण देतो. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, रीत तीच ठेवा.

तुमची स्वतःची हजेरी १,००० धरा. ती धरायचीच. मालक म्हणून फुकट राबायचं नाही. मदतनिसाची ७५०. गाडीचं आणि मशीनचं पेट्रोल ३५०. मशीनची झीज, ब्लेडची धार, सर्व्हिसिंग १५०. पावसानं, आजारपणानं, सणानं बुडणाऱ्या दिवसांसाठी रोज बाजूला टाकायचे २५०. झाले २,५००. त्यावर धंद्याचा नफा ५००. म्हणजे तुमचा एक दिवस ३,००० रुपयांचा.

आता हे ३,००० किती तासांतून काढायचे? सकाळी ८ ला निघून संध्याकाळी ५:३० ला परत. त्यातला तास जेवणाचा, दोन तास रस्त्याचे, दीड तास पेट्रोल भरण्यात आणि गिऱ्हाइकाशी बोलण्यात जातो. प्रत्यक्ष कामावर तुम्ही ५ तास असता. ३,००० भागिले ५ म्हणजे तासाला ६००, मिनिटाला १० रुपये. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

२,००० चौरस फुटांचं, साधारण दोन गुंठ्यांना थोडं कमी असं मोकळं लॉन घ्या. तुम्ही मशीन फिरवता तेवढ्या अर्ध्या तासात मदतनीस पाठीवरच्या कटरनं कडा मारतो. गवत गोळा करायला दोघांना १० मिनिटं, मशीन उतरवून परत चढवायला १०. एकूण ५० मिनिटं, म्हणजे ५०० रुपये. तेवढंच लॉन दुसऱ्या बंगल्यात आहे, पण मधे आठ झाडं, एक झोपाळा, फरशीचे तुकडे, आणि मशीन मागच्या जिन्यानं उचलून न्यायचं. तिथे ८५ मिनिटं लागतात, म्हणजे ८५०. चौरस फुटाचा दर लावला असता तर दुसऱ्या बंगल्यात तुम्ही प्रत्येक फेरीला ३५० रुपये घालवले असते आणि ते कळलंही नसतं.

म्हणून दर फोनवर सांगू नका. जाऊन बघा, पहिल्या दोन फेऱ्या घड्याळ लावून करा आणि तसं गिऱ्हाइकाला आधीच सांगा: "दोन फेऱ्या करून पक्का दर देतो."

राहिला शेजारचा. तो निम्म्या दरात करतो म्हणजे स्वतःची हजेरी धरत नाही, नाहीतर मशीन मोडेल तेव्हा काय करायचं याचा विचार त्यानं केलेला नाही. त्याच्याशी दरात भिडू नका. कडा सरळ मारा, फरशी झाडून निघा, सांगितलेल्या वारी हजर राहा. गिऱ्हाईक टिकतं ते यावर.

प्रश्न (कोथरूड, पुणे): माझ्याकडे २६ गिऱ्हाइकं आहेत. बाणेर, सहकारनगर, कल्याणीनगर, दोन हडपसरला. निम्म्या लोकांना शनिवार-रविवारच हवा असतो. दिवसभर गाडीवरच असतो असं वाटतं.

उत्तर: वाटत नाही, तसंच आहे. वरचा मिनिटाचा हिशेब तुम्हालाही लावा. कोथरूडहून हडपसरला गर्दीच्या वेळी तास जातो, यायला तास. ५०० रुपयांच्या कामासाठी तुम्ही १,२०० रुपयांचा रस्ता खर्च करता.

वही घ्या आणि वार भागांना द्या, माणसांना नाही. सोमवारी बाणेर-औंध, मंगळवारी कोथरूड-बावधन, बुधवारी सहकारनगर-पर्वती, असं. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न "लॉन केवढं?" असा नसून "घर कुठे?" असा असला पाहिजे. घर ज्या भागात, त्या भागाचा वार त्याचा. वेळ देताना "सकाळच्या सत्रात" किंवा "दुपारनंतर" एवढंच सांगा. ठीक ९:३० चा शब्द दिला की एका ट्रॅफिकमध्ये दिवसभराचे सगळे शब्द मोडतात.

गुरुवारचं मात्र वेगळं बघा. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवतात ती बहुतेक गुरुवारी, आणि पाणीही पुष्कळदा त्याच दिवशी बंद असतं. गिऱ्हाइकाच्या प्लगवर इलेक्ट्रिक मशीन लावून काम करत असाल तर गुरुवारी तीनदा दारातून परत याल. तो दिवस पेट्रोल मशीनच्या मोठ्या कामांना ठेवा. खत टाकून लगेच पाणी मारायचं असेल ते कामही त्या दिवशी घेऊ नका.

शनिवार-रविवार मागणाऱ्यांना विचारा की घरी हजर का राहायचं असतं. बहुतेक वेळा फाटकाची किल्ली, कुत्रा, किंवा पैसे हातात देणं, यातलंच एक कारण निघतं. किल्ली वॉचमनकडे, कुत्रा बांधायला आदल्या संध्याकाळी मेसेज, पैसे यूपीआयवर. निम्मे लोक मधल्या वारांना तयार होतात. जे होत नाहीत त्यांना शनिवारचा दर सव्वापट सांगा आणि रविवार घरच्यांना द्या. आठवड्यात एक दिवस मशीनचा आवाज कानांना नको असतो.

एकाच गल्लीत तिसरं घर मिळालं तर तिघांनाही फेरीमागे ५० रुपये कमी करा. तेवढा रस्ता वाचतो, आणि तीच तीन घरं चौथं घर आणून देतात. हडपसरच्या दोघांचं काय करायचं? त्या भागात काम करणारा तुमच्यासारखा कोणीतरी असेल, आणि त्याचं एखादं गिऱ्हाईक कोथरूडला असेल. अदलाबदल करा. मी अशा सात अदलाबदली केल्या आहेत. दोन्ही बाजूंचा फायदा होतो, फक्त नवीन माणसाला बरोबर नेऊन गिऱ्हाइकाची ओळख करून द्यायची.

प्रश्न (लोणावळा): जुलैमध्ये दहा-बारा दिवस मशीन बाहेरच काढता येत नाही. मग गिऱ्हाईक म्हणतं, फेरी बुडली तर पैसे कापा. मदतनिसालाही घरी बसवावं लागतं. काय करावं?

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गवताचं वर्ष समजून घ्या. आपल्याकडची लॉनची गवतं उष्ण हवेची आहेत. पावसाळ्यात ती धावतात, थंडीत जवळजवळ थांबतात, उन्हाळ्यात पाणी मिळेल तेवढी वाढतात. बर्म्युडा जातीचं, ज्याला नर्सरीवाले सिलेक्शन वन म्हणतात, ते जून ते ऑक्टोबर दर दहा दिवसांनी कापावं लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा पुरतं. मार्च ते मे महिन्यातून दोनदा. म्हणजे १५ अधिक ४ अधिक ६, वर्षाच्या २५ फेऱ्या. मेक्सिकन गवत हळू वाढतं, त्याच्या फेऱ्या कमी धरा.

आता फेरीवर पैसे घेतले तर जुलैत तुमची ओढाताण आणि जानेवारीत चूल थंड. त्यापेक्षा वर्षाचा करार करा. ५०० रुपयांची फेरी असेल तर २५ फेऱ्यांचे १२,५०० होतात, बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला साधारण १,०५०. गिऱ्हाईक दर महिन्याला तेवढेच देतं. कागदावर स्पष्ट लिहा की वर्षाच्या फेऱ्या २५, पावसानं पुढे-मागे होतील, बुडालेली फेरी उघडीप मिळताच भरून देऊ. मग "पैसे कापा" हे बोलणंच निघत नाही, कारण तुम्ही फेरी बुडवलेली नसते, फक्त पुढे ढकललेली असते.

पावसात कापायला कुणी भाग पाडलं तरी ऐकू नका. ओलं गवत पात्याखाली नीट कापलं जात नाही, फाटतं. त्याचे गोळे लॉनवर राहिले तर खालचं गवत पिवळं पडतं. भिजलेल्या मातीत चाकांच्या चाकोऱ्या उमटतात त्या दिवाळीपर्यंत दिसतात. आणि इलेक्ट्रिक मशीनची केबल ओल्या गवतावर ओढणं हा तर जिवाशी खेळ आहे. उघडीप मिळाल्यावर वाढलेलं गवत एका दमात खाली आणू नका. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच काढायचा, चार-पाच दिवसांनी पुन्हा. या जास्तीच्या फेरीसाठी आठवड्यातला एक अर्धा दिवस कायम रिकामा ठेवा. माझा शुक्रवार दुपारचा असतो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यात नवं काम घेत नाही.

आणि मदतनीस. त्याला घरी बसवलंत तर त्याची हजेरी बुडते, पण त्याचं घरभाडं आणि मुलांची फी बुडत नाही. वरच्या हिशेबात रोज २५० बाजूला टाकायला सांगितले ते याचसाठी. पावसाच्या दिवशी निदान अर्धी हजेरी द्या, ब्लेडला धार लावून घ्या, कार्बोरेटर साफ करा, कुंड्यांची माती बदलायची कामं शेडखाली काढा. माझ्याबरोबरचा माणूस सोळा वर्षं टिकला आहे. दर कमी लावून त्याची भरपाई मदतनिसाच्या पोटातून करणारे मला मुळीच पटत नाहीत.

प्रश्न (ठाणे): सोसायटीचं बिल तीन-तीन महिने अडकतं. दरवाढ मागितली की "जनरल बॉडीत ठेवू" म्हणतात.

उत्तर: दर महिन्याच्या एकाच तारखेला छापील बिल द्या, पोच घ्या, बिलावर फेऱ्यांच्या तारखा आणि वॉचमनची सही असू द्या. चेअरमन बदलला तरी कागद बदलत नाही. करारात "४५ दिवस उलटल्यास काम थांबेल" हे वाक्य घाला आणि एकदा तरी खरोखर थांबवा.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. त्यामुळे दरवाढीचं पत्र जुलैतच द्या, म्हणजे विषयपत्रिकेत येतं. ऑक्टोबरमध्ये दिलेलं पत्र वर्षभर फाइलमध्ये पडून राहतं.

एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर किंवा वर्षाची एकूण एक लाखाच्या वर गेली की सोसायटी टीडीएस, म्हणजे बिलातूनच आयकर, कापते. एकट्याच्या नावावर धंदा असेल तर १ टक्का, पण पॅन दिला नसेल तर थेट २० टक्के. पॅन पहिल्याच दिवशी द्या. कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते.

प्रश्न (कोल्हापूर): एका निवृत्त शिक्षकांकडे सहा वर्षं ४०० रुपयांत जातो. आता परवडत नाही, पण त्यांनीच मला पहिली दहा गिऱ्हाइकं मिळवून दिली. कसं बोलू?

उत्तर: सरांना समोर बसून सांगा, मेसेजवर नको. सहा वर्षांची वाढ एकदम मागितलीत तर त्यांना धक्का बसेल आणि चूक तुमची असेल. दरवर्षी १ एप्रिलला थोडी थोडी वाढ, सगळ्यांना सारखी, महिनाभर आधी सांगून, ही सवय आधीपासून हवी होती. या वर्षी त्यांना ४५०, पुढच्या वर्षी ५०० असं दोन टप्प्यांत आणा.

मनानं तयार होत नसाल तर त्यांचा दर तसाच ठेवायलाही हरकत नाही. मात्र बिलावर खरा दर ५०० लिहा आणि खाली "सरांसाठी सूट १००" असं दाखवा. त्यांना तुमची आठवण कळते, तुम्हाला आपण किती देतोय हे कळतं, आणि शेजाऱ्यांनी बिल बघितलं तरी ४०० चा दर गावभर होत नाही.

प्रश्न (मुळशी): फार्महाउसची कामं येतात. सहा महिने कुणी फिरकलेलं नसतं, गवत गुडघ्यापर्यंत असतं आणि मालक नेहमीच्या फेरीचाच दर देऊ करतो.

उत्तर: पहिल्या कापणीचा दर वेगळा, आणि तो हजेरीवर: दोन माणसांचा एक दिवस, लागला तर दीड दिवस. आधी कटरनं वरचं गवत उतरवा, चार-पाच दिवसांनी मशीन घाला. थेट मशीन घातलंत तर पट्टा तुटेल नाहीतर इंजिन बसेल. लव्हाळा आणि काँग्रेस गवत हातानं काढायचं असेल तर ती खुरपणी निराळी लावा.

गवतात शिरण्याआधी काठीनं वाट झोडपा, गमबूट घाला. त्या भागात घोणस असते, आणि ती वाळक्या गवतात शेजारी असली तरी दिसत नाही. दगड आणि तारांचे तुकडे आधी वेचा. एकदा माझ्या कटरच्या पात्यानं उडालेला खडा मालकाच्या गाडीच्या काचेवर बसला आणि ती काच मी भरून दिली. तेव्हापासून गाडी फाटकाबाहेर लावल्याशिवाय मी कटर सुरू करत नाही. लांबच्या कामाला जाण्या-येण्याचे तास दरात धरा, आणि निम्मे पैसे निघण्याआधी घ्या, कारण मालक मुंबईला असतो आणि फाटकावर फक्त राखणदार.