मोबाईल हातात असताना हॅम रेडिओत मजा ती काय?

व्हॉट्सअ‍ॅपवरून क्षणात परदेशी बोलता येतं, तरी लोक परीक्षा देऊन, परवाना काढून हॅम रेडिओ, म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या रेडिओ संचावरून दूरदूरच्या लोकांशी बोलणं, का करतात आणि सुरुवात कशी करायची, असं तुम्ही विचारलंय.

फोन लावला की लागतो. रेडिओवर कोण सापडेल, सापडेल की नाही, याचा भरवसा नसतो, आणि मला त्याचंच वेड आहे. माझ्या गच्चीवरची तार आणि समोरच्याची तार यांच्यामध्ये ना टॉवर, ना केबल, ना कुठली कंपनी. मध्ये फक्त आयनोस्फिअर, म्हणजे सूर्याच्या किरणांनी भारित झालेले हवेचे थर. तेच आपल्या लहरी वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतात. त्यामुळे हॅमला, म्हणजे हा छंद करणाऱ्याला, आकाशाचं वेळापत्रक पाठ होत जातं. ४० मीटर लांबीच्या लहरींचा बँड (पट्टा), म्हणजे ७ मेगाहर्ट्झ, दिवसा आसपासच्या राज्यांपुरता चालतो. अंधार पडला की लहरी शोषून घेणारा सगळ्यात खालचा थर विरतो आणि दूरदूरचे देश ऐकू यायला लागतात. २० मीटरवर (१४ मेगाहर्ट्झ) बऱ्याचदा सूर्य मावळतीला आला की युरोप उघडतो. खरखरीतून एक इटालियन आवाज वर येतो, दोन वाक्यं अगदी स्वच्छ, मग बुडतो, पुन्हा वर येतो. त्या अर्ध्या मिनिटाच्या फटीत आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं ओळखचिन्ह, सांगायचं आणि त्याने ते बरोबर परत उच्चारायचं, हे सुख दुसऱ्या कशात नाही.

आणि हे घडवणारी अँटेना आपण स्वतः बांधलेली असते. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, अर्ध्या लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते, तेवढीच तार अँटेनाला लागते. १४.२ साठी साधारण दहा मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच. घराच्या वायरिंगची साधी तार चालते. मुद्दाम थोडी लांब कापा, मग एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेना कितपत जुळली ते दाखवणारं यंत्र, बघत बघत छाटा. मधोमध पीव्हीसी पाइपवर उंच चढवून दोन्ही टोकं कठड्याला नायलॉनच्या दोरीने बांधली की झालं. खरा शत्रू म्हणजे स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर, त्यांची घरघर सगळा बँड झाकून टाकते. रिसीव्हर बॅटरीवर लावून घराचा मेन स्विच बंद करा. घरघर थांबली तर चोर घरात, नाही तर शेजारी!

छंद म्हणून याला कमी लेखू नका. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानातून जगभरच्या हॅमशी संपर्क साधायला पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि मौजेसाठी नेलेल्या त्याच रेडिओंवरून बेटांवरच्या माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोचले.

परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो, वय किमान १२. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, लागत नाही. त्यावरच्या जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने लागतं. मी म्हणेन, मोर्स शिकाच. आवाज जिथे गाडला जातो तिथे ती टीक-टीक अजून कळते. ऑनलाइन वॉकीटॉकी सहज मिळतात, पण हॅमच्या बँडवर परवान्याशिवाय बोलायचं बटण दाबू नका, तो गुन्हा आहे.

तोवर ऐका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ रिसीव्हर, ब्राउझरमध्ये फुकट उघडतो. रात्री तिथे ७ मेगाहर्ट्झवर सावकाश फिरा. स्टेशन लावायची खूण पडद्यावर किंचित हलवली की बदकासारखा वाटणारा आवाज माणसाचा होतो. पुढे परवाना मिळाला की इथून बोलायचं आणि तिथे स्वतःचाच आवाज येतोय का बघायचं, अँटेना तपासायचा तो उत्तम मार्ग आहे. आणि आकाशवेध घ्यायचा असेल तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झ ऐका. कधीकधी तिथून चित्रं पाठवतात, मोबाईलवरचं अ‍ॅप नुसता आवाज ऐकून ते चित्र एकेक ओळ करत उमटवतं. तुमचं गाव कोणतं आणि गच्ची आहे का, ते कळवा. कुठली अँटेना बसेल ते सांगतो.