उत्तर : स्पीकरच्या मागचं यूएसबी लॅपटॉपसाठी नसतंच

सर, तुमची पोस्ट वाचली. निपाणीतल्या भजनी मंडळासाठी कोल्हापुरातून पॉवर्ड स्पीकर (आतच अँप्लिफायर असलेला) घेतला, मागं यूएसबीचं भोक दिसलं म्हणून दोन्हीकडं चपटी पिन असलेली केबल मागवली, लॅपटॉपला जोडली तर हूं नाही की चूं नाही. आणि कंपनीवाले म्हणतात ड्रायव्हर (लॅपटॉपला जोडलेलं यंत्र ओळखून चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) टाका. अगदी याच पायऱ्यांनी मीही गेलोय, म्हणून जरा लांबण लावतो. मी इंजिनिअर नाही, साउंडवालाही नाही. चिकोडीकडं आमचं मंडळ आहे, त्यातलं हे लचांड माझ्या गळ्यात आहे, एवढंच.

आधी ती केबल काढा. ड्रायव्हर शोधू नका, कारण तसला ड्रायव्हर अस्तित्वातच नाही.

यूएसबीत एक मालक असतो आणि एक गडी. लॅपटॉप कायम मालक. पेनड्राइव्ह, माऊस, प्रिंटर हे गडी. तुमच्या स्पीकरच्या मागचं भोक पेनड्राइव्हमधली गाणी वाजवायला दिलंय, म्हणजे तिथं स्पीकर स्वतःच मालक. आता दोन मालक समोरासमोर बसवले तर काम सांगणार कोण आणि करणार कोण? वर दोघंही आपापले ५ व्होल्ट त्या तारेत सोडतात. हे धोक्याचं. दोन्ही टोकांना चपटी पिन असलेली केबल या कामासाठी नसतेच, पण ऑनलाइन सर्रास मिळते आणि खाली कौतुकाच्या प्रतिक्रियाही असतात.

ओळखायचं कसं? भोकाशेजारी काय छापलंय ते वाचा. ‘यूएसबी / एसडी / एफएम’ असं असेल आणि वर छोटा निळा किंवा लाल आकड्यांचा डिस्प्ले असेल, तर ते पेनड्राइव्हचं. प्रिंटरला असतं तसं चौकोनी भोक असेल, तर ते कॉम्प्युटरसाठी. काही मिक्सरना असतं. टाइप-सी असेल तर दिसण्यावरून काही सांगता येत नाही, काही ठिकाणी ते नुसतं चार्जिंगचं असतं. मॅन्युअलमध्ये ‘यूएसबी ऑडिओ इंटरफेस’ असे शब्द शोधा. नसतील तर सोडून द्या.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त फटका बसला ते सांगतो. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. मी हेल्पलाइनला फोन लावला तेव्हा तिकडच्या माणसानं एकदाही विचारलं नाही की भोक कुठलं, केबल कुठली. त्याच्यापुढं लिहिलेलं असणार : ड्रायव्हर अपडेट करा, केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा, विंडोज नव्यानं टाका. मी केबल बदलली, पोर्ट बदलले. शेवटी लॅपटॉपचा एक पोर्टच गेला. त्या केबलनंच गेला असं छातीठोक म्हणणार नाही, लॅपटॉप जुना होता. पण त्याआधी त्याच पोर्टला माऊस व्यवस्थित चालत होता, एवढं नक्की.

मग सर्व्हिस सेंटर. आपल्या भागातली ही खास मजा आहे. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरच्या आसपास, बेळगाव जवळपास दुप्पट. साहजिकच माणूस कोल्हापुरात खरेदी करतो. कोल्हापूरच्या काउंटरवर सांगितलं, तुमचा पिनकोड ५९१ नं सुरू होतो, म्हणजे कर्नाटक, तुम्ही बेळगावला जा. बेळगावच्या काउंटरवरचा मुलगा बिल हातात घेऊन त्यावरच्या जीएसटी नंबरवर बोट ठेवतो : हा २७ नं सुरू होतो, महाराष्ट्र, आमचा २९. बोलत होता छान, अर्धं मराठी अर्धं कन्नड, मलाही कन्नड येतं, भाषेची अडचण कुठंच नव्हती. अडचण एवढीच की स्पीकर कुणी उघडूनही बघितला नाही. आणि उघडून तरी काय सापडणार होतं? स्पीकर धडधाकट होता! दोन राज्यांतल्या दोन काउंटरांवर एकालाही वाटलं नाही की विचारावं, अहो, तुम्ही तार कुठं लावताय? वॉरंटी मालावर असते, गावावर नाही, असं माझं मत. तरी पुढच्या वेळी बिल करतानाच दुकानदाराला विचारा की बिघडलं तर माल तो स्वतः घेणार का. हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्या. चार पैसे जास्त गेले तरी असल्या दुकानातच घ्या.

असो. आता करायचं काय.

सगळ्यात सोपं म्हणजे लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून स्पीकरच्या लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घ्यायचं भोक). लाल-पांढरी पिन असेल तर एका टोकाला हेडफोन पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी अशी केबल कुठल्याही मोबाइल दुकानात मिळते. पण मागं जाड पिनचं भोक असेल तर थांबा. दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली सरळ केबल तिथं घालू नका. ते भोक बॅलन्स्ड (दोन तारांवरच्या आवाजांतला फरक तेवढा घेणारं) असलं तर डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा होतो. आमच्याकडं अभंग लावला तर टाळ आणि घुमारा ऐकू येत होता, गाणारे बुवाच गायब! सगळे म्हणाले फाइल खराब. फाइल चांगली होती. एका हेडफोन पिनमधून दोन वेगळ्या मोनो (एकेकच आवाज नेणाऱ्या) जाड पिना निघतात ती केबल घ्या, एक पिन स्पीकरला, दुसरी दुसऱ्या चॅनेलला किंवा नुसती मोकळी, कुठं टेकणार नाही अशी.

यूएसबीनंच करायचं असेल तर मध्ये यूएसबी साउंड कार्ड लागतं. लॅपटॉपला ते गडी म्हणून दिसतं आणि पुढं साधा आवाज काढून देतं. साध्या कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. थोडी महागडी, यूएसबी ऑडिओ क्लास २ या नव्या मानकाची कार्डंसुद्धा विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटपासून आपोआप चालतात. जोडल्यावर आवाज आला नाही तर खाली घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून आउटपुट बदला. झूम आणि मीट आपला आउटपुट वेगळा धरून ठेवतात, तिथंही बघा. आणखी एक : कार्ड रोज एकाच पोर्टला लावा. पोर्ट बदललात की विंडोज त्याला नवीन समजून ‘२- यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’ असं दाखवतं, आणि सगळं सेटिंग पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही शेवटी विचारलंय, त्यापेक्षा यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर घेऊ का. देवळासाठी नको. साध्या यूएसबी २ पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. खोक्यावर कितीही हजार वॅट छापलेले असोत, आत येणारी वीज तेवढीच. घरी पाठ ऐकायला छान. ब्लूटूथचंही तसंच, गाणी वाजवायला चालेल, पण माईकचा आवाज त्यातून फिरवला तर म्हणणारा पुढं आणि आवाज मागं.

जोडणी झाल्यावर बहुतेक तुम्हाला भूंऽऽ असा आवाज येईल. चार्जरची पिन काढून बघा. बंद झाला तर स्पीकर बिघडलेला नाही, लॅपटॉपच्या चार्जरची आणि स्पीकरची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेनं जोडली जाऊन हा घोळ होतो. दोन्ही एकाच एक्सटेन्शन बोर्डला लावा. तरी राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून एक डबी मिळते, ती ऑडिओच्या तारेत मध्ये बसवा. हलक्यातली डबी ढोलकीचा खालचा आवाज थोडा खाते, पण भूं जातं. इन्व्हर्टरवर असताना मात्र भूं वेगळंच असतं, जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर त्याला इलाज नाही.

एक गोष्ट मात्र करू नका, मंडपवाला कितीही म्हणो. तीन पिनमधली अर्थची पिन तोडली की भूं थांबतं, हे खरं आहे. पण मग बिघाड झाला तर करंट जायला वाट राहत नाही, आणि लोखंडी माईक हातात धरलेला माणूस असतो. आपल्याकडं पावसाळ्यात देवळाची फरशी ओली, बुवा अनवाणी. यावर माझ्याशी वाद घालू नका.

हे सगळं माझ्या अनुभवावरून सांगितलंय, तुमचं मॉडेल मी बघितलेलं नाही. स्पीकरच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, सगळ्या भोकांखालची अक्षरं वाचता येतील असा, म्हणजे नेमकी कुठली केबल ते सांगतो. आणि ती दोन चपट्या पिनांची केबल परत करायची मुदत असेल तर आजच करा.