पेपर वाचायलाही पैसे?

प्रश्न: ताई, मी जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम करते. १८ पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांवरचे रिसर्च पेपर वाचायचेत, पण जिथे तिथे पैसे मागतात. काय करू?

उत्तर: अगं, लगेच पैसे भरू नकोस. गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या रिसर्च पेपर शोधायच्या साइटवर, पेपरच्या खाली बाकीच्या आवृत्त्यांची लिंक असते ती उघड, बऱ्याचदा तिथेच फुकट पीडीएफ सापडते, आणि ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे पेपरची फुकट प्रत शोधून देणारं एक्स्टेन्शन टाकून ठेव. भारतातले पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर आहेत, जाडजूड असतात पण मागची संदर्भयादी म्हणजे सोनं. २०२५ला वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे रिसर्च जर्नलांची वर्गणी सरकारने भरायची योजना, सुरू झालं खरं, पण ते सरकारी कॉलेजं नि संशोधन संस्थांसाठी, फील्डवर राबणाऱ्यांचा विचारच नाही, हे मला काही पटत नाही. नाहीच मिळालं तर लेखकालाच मेल टाक, बरेचजण पाठवतात.